जीवाणूंच्या वसाहतीचा नकाशा

वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ नाचणगाव आहे. मृगाच्या पहिल्या सरी तेथील शिवारात पडल्या की मातीचा वास सुटतो. तुमच्या गावीही सुटतोच. हा वास मुख्यतः जिओस्मिन या पदार्थाचा. तो बनवतात मातीतील स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जीवाणू.

हे जीवाणू औषधेही देतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये त्यांच्या एका जातीपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळाले. पिंपरीवरून त्या जातीला 'स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना' असे नाव मिळाले.

पण जीवाणूंच्या वसाहतीत कोणता पदार्थ नेमका कोठे आहे? वसाहत कुटून अर्क काढला तर पदार्थ सापडतो, पण जागा हरवते. चटणी वाटल्यावर मिरची कोठे होती हे सांगता येईल का? म्हणून वसाहत न मोडता तिच्यावर ठिपक्याठिपक्याने लेसरचा झोत टाकतात. तेथील रेणू विद्युतभारित होऊन उडतात. हलके आधी पोहोचतात, जड मागाहून. त्यावरून वस्तुमान कळते आणि नकाशा तयार होतो.

खरी कसोटी मात्र नमुना तयार करण्यात असते. जीवाणू अगरच्या एकदोन मिलिमीटर पातळ थरावर वाढवतात. वसाहतीसह अगरचा तुकडा कापून धातूच्या पट्टीवर ठेवतात. खाली हवेचा बुडबुडा राहता कामा नये. शेजारी जीवाणू नसलेल्या अगरचा तुकडाही ठेवतात. म्हणजे अगरमधले पदार्थ कोणते व जीवाणूंचे कोणते, हे ओळखता येते. मग छायाचित्र घेऊन वरून बारीक चाळणीने 'मॅट्रिक्स' नावाची भुकटी भुरभुरतात. ती लेसरची ऊर्जा शोषून रेणूंना उडण्यास मदत करते. शेवटी ३७ अंश सेल्सिअसला काही तास सुकवतात.

एवढी काळजी कशाला? उपकरणाच्या आत निर्वात पोकळी असते. ओल राहिली तर तुकडा फुगतो, तडकतो, पापुद्रा सुटून पडतो आणि कित्येक दिवसांची मेहनत वाया जाते. पृष्ठभाग उंचसखल राहिला तर रेणूंचे अंतर बदलते आणि वस्तुमान चुकते.

२००९ साली अमेरिकेतील सॅन डिएगोच्या शास्त्रज्ञांनी याच रीतीने बॅसिलस सबटिलिस आणि स्ट्रेप्टोमायसीस शेजारी वाढवून त्यांच्यातील पदार्थांची देवघेव नकाशावर पाहिली. एकट्या जीवाणूने न दाखवलेले पदार्थ शेजारी आल्यावर दिसू शकतात. नव्या औषधांचा शोध तेथूनच सुरू होतो.

तेव्हा यंदा पहिल्या पावसाचा वास आला की आठवा : पायाखालच्या मातीत असे किती नकाशे अजून काढायचे राहिले आहेत!