३० मीटर पाणी आणि ७७ दिवस

जावा समुद्र उथळ आहे. सुमात्रा, जावा आणि बोर्निओ या बेटांमध्ये पसरलेल्या या समुद्राचा तळ बहुतेक ठिकाणी शंभर मीटरच्या आत लागतो, आणि जाकार्ताच्या पूर्वेला करावांगच्या किनाऱ्यासमोर तर तीस-पस्तीस मीटरवरच. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी, सोमवारी सकाळी, लायन एअरचे बोइंग ७३७ मॅक्स विमान जाकार्ताहून पांकाल पिनांगला निघाले आणि तेरा मिनिटांत या पाण्यात कोसळले. विमानातले सर्व १८९ जण गेले. शनिवार-रविवार घरी काढून पहिल्या विमानाने नोकरीच्या गावी परतणारे अर्थ मंत्रालयाचे वीसेक कर्मचारी त्यांत होते. कॅप्टन दिल्लीचा असल्याने भारतातल्या वर्तमानपत्रांनीही चार दिवस बातमी लावून धरली. पुढे ती बोइंगच्या सॉफ्टवेअरकडे वळली आणि तिकडेच राहिली. इंडोनेशियातल्या लोकांचा राग मात्र अडीच महिने वेगळ्याच गोष्टीवर होता. किनाऱ्यावरून होडीने जाता येईल अशा पाण्यातून माणसे आणि यंत्रे वर काढायला इतका वेळ का लागतो, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे होते.

उथळ समुद्र म्हणजे सोपे काम, हा समज मुंबईत बसून सहज होतो. तो चुकीचा आहे. विमान बुडाले नव्हते, नाक खाली करून प्रचंड वेगाने आदळले होते. खुर्च्यांच्या ओळींसकट तळाशी विसावलेला सांगाडा फक्त सिनेमात सापडतो. इथे होते ते तुकडे, आणि तुकड्यांखाली गाळ. ओहोटीच्या वेळी माहीमच्या खाडीत ज्याची चप्पल रुतली आहे त्याला गाळ म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. करावांगसमोर हा थर कित्येक मीटर जाडीचा आहे. प्रवाहाला ओढ आहे आणि पाणी गढूळ आहे. शिवाय तळावरून तेलाच्या नळवाहिन्या गेल्या आहेत, त्यामुळे मोठ्या जहाजाने वाटेल तिथे नांगर टाकायची सोय नाही. नांगर न टाकता संगणकाच्या आधाराने एका जागी स्थिर राहणारी जहाजे लागतात. ती मोजकी असतात, तेल कंपन्यांच्या कामाला जुंपलेली असतात आणि त्यांचे भाडे ऐकून भल्याभल्या खात्यांचे सचिव फाइल बाजूला ठेवतात.

सतरा हजार बेटांच्या या देशात बोटी बुडणे हा नित्याचा प्रकार असल्याने शोध आणि बचावासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. तिचे नाव बासार्नास. भारतातल्या एनडीआरएफशी तिची तुलना केली जाते, पण ती अर्धीच लागू पडते. एनडीआरएफ बोलावली की येते. बासार्नास समुद्रावरच्या शोधाची मालकीण आहे, आणि नौदल, पोलीस, कोळी, हौशी पाणबुडे सगळे तिच्या हाताखाली उतरतात. २०१४ च्या कायद्याने शोधाची मुदत सात दिवसांची ठरवली आहे, गरजेप्रमाणे वाढवता येणारी. ही मुदत दोनदा, तीन-तीन दिवसांनी, वाढवली गेली. त्या काळात समुद्रातून मृतदेहांच्या अवशेषांच्या किती पिशव्या वर आल्या आणि पूर्व जाकार्तातल्या क्रामात जाती इथल्या पोलीस रुग्णालयात गेल्या, याचा आकडा जाहीर होत राहिला. तांजुंग प्रिओक बंदराच्या धक्क्यावर बूट, पाकिटे, पिशव्या, कपडे मांडून ठेवले होते आणि नातेवाइकांना त्यांतून फिरून ओळख पटवू दिली गेली. राष्ट्राध्यक्ष जोको विडोडोही तिथे येऊन पाहून गेले. महिन्याभरापूर्वी सुलावेसीतल्या पालू शहरात भूकंप आणि त्सुनामीने हाहाकार उडाला होता. तिथे मदतीला गेलेला एक स्वयंसेवक पाणबुड्या इथेही उतरला आणि २ नोव्हेंबरला या कामातच दगावला.

हे सगळे होत असताना लोक संतापलेले होते, हे महाराष्ट्रातून पाहणाऱ्याला समजायला वेळ लागतो. ५ नोव्हेंबरला जाकार्तात अधिकारी आणि नातेवाईक समोरासमोर बसले. टीव्हीचे कॅमेरे चालू होते. विमान कंपनीचे संस्थापक रुसदी किराना यांनी उभे राहावे, अशी मागणी गर्दीतून झाली. ते उभे राहिले, मान खाली घातली, बोलले काहीच नाहीत. बासार्नासचे प्रमुख मुहम्मद स्यौगी यांना बोलता बोलता रडू आले. अपघातानंतर आठवड्याभरात विमान कंपनीचा मालक, शोधप्रमुख आणि मृतांचे नातेवाईक एका खोलीत असणे, आणि त्या खोलीत आवाज नातेवाइकांचा चढलेला असणे, ही इथे विशेष गोष्ट मानली जात नाही. भारतात असे दृश्य पाहिल्याचे सांगणारा माणूस शोधावा लागेल.

१० नोव्हेंबरला बासार्नासने शोध थांबवला. २३ नोव्हेंबरला ओळख पटवण्याचे काम बंद झाले, तेव्हा १८९ पैकी १२५ जणांची ओळख डीएनए वगैरे मार्गांनी पटली होती. उरलेल्या ६४ जणांच्या घरच्यांना दफन करायला काहीच मिळाले नाही. बहुसंख्य मुसलमान असलेल्या समाजात दफन न होणे ही केवळ मनाला लागणारी बाब नाही, ते राहून गेलेले धार्मिक कर्तव्य आहे. डिसेंबरात यांतले काही नातेवाईक राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर फलक घेऊन उभे राहिले. मागणी एकच होती, की शोध पुन्हा सुरू करा.

लोकांचा राग गाळावर नव्हता, हे इथे लक्षात घेतले पाहिजे. ब्लॅक बॉक्सचे दोन भाग असतात. उड्डाणाची आकडेवारी नोंदवणारा भाग नौदलाच्या पाणबुड्यांनी तिसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, वर काढला होता. कॉकपिटमधला आवाज नोंदवणारा दुसरा भाग राहिला, आणि त्यासाठी लागणाऱ्या जहाजाचे भाडे कोणी द्यायचे यावर आठवडे गेले. अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीकडे, म्हणजे केएनकेटीकडे, हाताशी पैसा नव्हता आणि सरकारी मंजुरीची वाट लांबची होती. शेवटी विमान कंपनीनेच ३८ अब्ज रुपिया मोजून ‘एमपीव्ही एव्हरेस्ट’ हे जहाज आणवले. ज्या कंपनीच्या विमानाची चौकशी चालू आहे तिच्याच पैशाने पुरावा शोधायचा, हा प्रकार चौकशीच्या जगात अवघडल्यासारखे करणारा आहे. जहाज सुमारे दहा दिवस राबले आणि रेकॉर्डर न सापडताच डिसेंबरअखेर निघून गेले. मग जानेवारीत इंडोनेशियाच्या नौदलाचे ‘केआरआय स्पिका’ हे सर्वेक्षण जहाज पाठवण्यात आले. १४ जानेवारी २०१९ रोजी, म्हणजे ७७ व्या दिवशी, त्याच्या पाणबुड्यांनी तीस मीटर पाण्याखालच्या आठ मीटर गाळातून रेकॉर्डर काढला. आपल्याच नौदलाचे जहाज सगळ्यात शेवटी का आठवावे, हा प्रश्न कोणालाही पडावा.

खोलीचा बहाणा इतक्या सहज मान्य न करण्याचे कारण भारतीयांच्याच इतिहासात आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ अटलांटिकवर बॉम्बस्फोटाने फुटले आणि ३२९ जण गेले. तिथे पाणी दोन किलोमीटर खोल होते. तरीही १० आणि ११ जुलैला दोन्ही रेकॉर्डर वर आले होते, समुद्रातल्या केबल दुरुस्त करणाऱ्या जहाजावरून सोडलेल्या यंत्रमानवाच्या हातांनी. पुढे त्यांतल्या फितींची तपासणी मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाली. दोन हजार मीटरना अठरा दिवस आणि तीस मीटरना सत्त्याहत्तर. अटलांटिकच्या वेळी अनेक देशांची जहाजे आणि पैसा ताबडतोब उभा राहिला होता, आणि सगळा फरक तिथेच आहे.

इंडोनेशियाने हा धडा आधीही घेतला होता, म्हणजे घ्यायला हवा होता. १ जानेवारी २००७ रोजी ॲडम एअरचे विमान १०२ जणांसह सुलावेसीजवळ नाहीसे झाले. दुसऱ्याच दिवशी अधिकाऱ्यांनी अवशेष सापडल्याचे आणि बारा जण वाचल्याचे जाहीर केले. दोन्ही खोटे निघाले. काही दिवसांनी विमानाच्या शेपटीचा तुकडा मिळाला तोही एका कोळ्याला. अमेरिकी जहाजाने जानेवारीतच ब्लॅक बॉक्सचे संकेत टिपले होते, पण दोन हजार मीटरवरून ते काढण्याचा खर्च कोणाचा, सरकारचा की कंपनीचा, यावर घोळ चालला आणि ते वर आले ऑगस्टच्या शेवटी.

आता घरची गोष्ट. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात पडले. २१३ जण ठार झाले. भारताचे ते पहिले जम्बो विमान. पाणी जेमतेम दहा मीटर, म्हणजे करावांगच्या एक तृतीयांश. बँडस्टँडवर फिरायला जाणाऱ्या पिढ्यांमागून पिढ्यांना समोरच्या पाण्यात हे घडले होते याची कल्पना नसते. मुंबईचे लोक लोकल अर्धा तास उशिरा आली तर रुळांवर उतरतात. एवढ्या मोठ्या अपघाताबद्दल मात्र त्यांच्या तोंडी ना राग आहे ना आठवण.

अलीकडचे उदाहरण अधिक बोचते. २२ जुलै २०१६ रोजी हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांना घेऊन चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघाले आणि बंगालच्या उपसागरावर रडारवरून नाहीसे झाले. शोध मोठा होता, यात शंका नाही. जहाजे, विमाने, पाणबुडी, सगळे लावले गेले. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर स्वतः विमानातून शोधक्षेत्र पाहून आले आणि संसदेत त्यांनी निवेदनही केले. सप्टेंबरात २९ जणांना मृत मानण्यात आले. त्यानंतर साडेसात वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडी यंत्राने ३४०० मीटर खोलीवर त्या विमानाचे अवशेष टिपल्याचे सरकारने कळवले. खोलीमुळे उशीर झाला हे मान्य करायला हरकत नाही. प्रश्न असा आहे, की या साडेसात वर्षांत प्रासादासमोर फलक घेऊन कोण उभे होते? नातेवाइकांनी अर्ज केले, पत्रे लिहिली, खेपा घातल्या. बाकीचा देश शांत होता. लष्करी बाब म्हणून विचारायचे नसते, ही समजूत इतकी मुरलेली आहे की न विचारणे हाच सभ्यपणा ठरतो.

भारतात बेपत्ता माणूस मृत मानायला पुराव्याच्या कायद्याने सात वर्षे लागतात. सरकारने मधे पडून सवलत दिली तर गोष्ट वेगळी. वादळात होडीसकट गेलेल्या मच्छीमाराच्या घरी कोकणात हा नियम सगळ्यांना पाठ असतो. बासार्नासच्या सात दिवसांच्या मुदतीवर जाकार्तात टीका होते आणि ती योग्यच आहे. पण त्या मुदतीमुळे आठव्या दिवशी कोणाला तरी माइकसमोर येऊन पुढे काय ते सांगावे लागते, हेही खरे. तिथले लोक रोज आकडा ऐकतात म्हणून रोज चिडतात. ज्यांना काहीच दाखवले जात नाही त्यांना चिडायला मुद्दाच सापडत नाही.

इंडोनेशियाच्या या उघडेपणाचे कौतुक करतानाही हात आखडावा लागतो. डिसेंबर २०१४ मध्ये सुराबायाहून सिंगापूरला जाणारे एअरएशियाचे विमान १६२ जणांसह पडले, तेव्हा एका वाहिनीने पाण्यावर तरंगणारा मृतदेह थेट दाखवला आणि विमानतळावर टीव्हीसमोर बसलेल्या नातेवाइकांनी तो पाहिला. बोलणाऱ्यांची गर्दी हा दुसरा त्रास. बासार्नास, सैन्य, वाहतूक मंत्रालय, चौकशी समिती, पोलीस रुग्णालय, प्रत्येकाचा प्रवक्ता वेगळा आणि उत्साह सारखाच. लायन एअरच्या वेळी विमानाचा मुख्य भाग सापडल्याची आशा सैन्यदलांच्या प्रमुखांनी पहिल्याच आठवड्यात जागवली होती. पुढे हाती आले ते तुकडेच. संतापाला निम्मे खाद्य अशा घाईच्या घोषणांनी पुरवले.

चौकशीच्या बाबतीत मात्र केएनकेटीला दोष देणे कठीण आहे. प्राथमिक अहवाल महिन्याभरात, २८ नोव्हेंबर २०१८ रोजी, पत्रकारांसमोर आला. अंतिम अहवाल २५ ऑक्टोबर २०१९ रोजी, वर्ष पुरे होण्याआधी, प्रसिद्ध झाला आणि त्याच्या दोन दिवस आधी अधिकाऱ्यांनी तो नातेवाइकांना बोलावून समजावून सांगितला. भारतात असे अहवाल निघाले तरी घरच्यांना ते बहुधा टीव्हीवरूनच कळतात.

गाळाचा आणि वेळेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. ९ जानेवारी २०२१ रोजी श्रीविजया एअरचे पोंतियानाकला निघालेले विमान ६२ जणांसह जाकार्ताजवळच्या हजार बेटांपाशी पडले. पाणी आणखी उथळ, जेमतेम वीस-पंचवीस मीटर. आकडेवारीचा रेकॉर्डर तीन दिवसांत मिळाला. आवाजाच्या रेकॉर्डरचे फक्त कवच हाती लागले, आत ज्यावर आवाज साठतो तो भाग नव्हता. २१ जानेवारीला बासार्नासने शोध संपवला. पाणबुड्यांना दाद न देणारा तो गाळ अखेर ड्रेजरने उपसून घ्यावा लागला, आणि त्यातून ३० मार्चला, ८० व्या दिवशी, तो भाग निघाला. अंतिम अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये आला.