परदेशी उपकरण आणि घरची वीज

परदेशातून आणलेले विजेचे उपकरण इथल्या घरात नीट चालेल की नाही, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते: विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज; वारंवारता, म्हणजे हर्ट्झ; आणि प्लगची घडण. पाथर्डी तालुक्यातील तिसगाव असो वा मुंबई, महाराष्ट्रात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. उपकरणाच्या मागे किंवा तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याला लागणारी वीज छापलेली असते. प्लग बोर्डात घालण्यापूर्वी ती पट्टी वाचणे हे पहिले काम.

नेपाळमधील वीज भारतासारखीच असल्याने तिथल्या वस्तूंची अडचण सहसा येत नाही. अरबी समुद्रापलीकडे मात्र देशागणिक फरक आहे. दुबई, ओमान, कतार, कुवेत येथे वारंवारता ५० हर्ट्झ आणि दाब २२० ते २४० व्होल्टच्या दरम्यान असतो. सौदी अरेबियात वारंवारता ६० हर्ट्झ आहे, आणि २२० व्होल्टच्या जोडीला १२७ व्होल्टचा पुरवठाही तिथे दीर्घकाळ होता. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ.

आखातातील बहुतेक प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चपट्या पिनांचे असतात. आपल्याकडे गोल पिना चालतात. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, दाब बदलत नाही. स्वस्त अडॅप्टरमध्ये पुष्कळदा अर्थिंगची जोडणीच नसते. फ्रीज, इस्त्री, वॉशिंग मशीन यांना तो वापरू नये. वायरमनकडून आयएसआय चिन्हाचा तीन पिनांचा प्लग बसवून घ्यावा: हलक्या उपकरणाला ६ अँपिअरचा, जड उपकरणाला १६ अँपिअरचा. ब्रिटिश प्लगच्या आत फ्यूज असतो आणि प्लग बदलला की ते संरक्षण जाते. म्हणून त्या जोडणीवर योग्य क्षमतेचा एमसीबी असावा.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते. असे चार्जर कुठेही चालतात. खरा धोका इस्त्री, हेअर ड्रायर, कॉफी मशीन अशा तापणाऱ्या वस्तूंना असतो. १२० व्होल्टची इस्त्री २३० व्होल्टवर लावली, तर ती जवळपास पावणेचारपट वीज ओढते आणि काही क्षणांत जळते. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण हजार वॅटच्या इस्त्रीला त्याहून अधिक क्षमतेचा लागतो. तो जड आणि महाग पडत असल्याने अशी वस्तू इथेच घेणे परवडते.

ट्रान्सफॉर्मर वारंवारता मात्र बदलत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेली साधी मोटर ५० हर्ट्झवर सुमारे सहाव्या हिश्शाने मंद फिरते आणि जास्त तापते. विजेच्या वारंवारतेवर चालणारे घड्याळ तासाला दहा मिनिटे मागे पडते. सौदीतून फ्रीज किंवा वॉशिंग मशीन आणताना पट्टीवर ‘५०/६०’ आहे का, हे म्हणूनच आधी पाहावे. तारेच्या टोकाला असलेल्या गावांत आणि वस्त्यांवर दाब वर-खाली होतो; तिथे फ्रीजला स्टॅबिलायझर जोडावा.

चित्र आणि आवाजाच्या उपकरणांत आणखी एक पेच असतो. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत: अमेरिका पहिल्या, आखात दुसऱ्या आणि भारत पाचव्या विभागात येतो. एका विभागापुरता बांधलेला प्लेअर दुसऱ्या विभागाची तबकडी वाचत नाही. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय तारेने जोडला, तर प्रक्षेपण पद्धतीतील फरक आड येत नाही.

खर्चाचा हिशेबही खरेदीपूर्वीच करावा. २६ ऑगस्ट २०१३ पासून प्रवाशाने सामानातून आणलेला सपाट पडद्याचा टीव्ही शुल्कमुक्त सवलतीत बसत नाही; त्यावर सीमाशुल्क भरावे लागते. अनेक कंपन्यांची हमी विक्रीच्या देशापुरती असते, आणि परदेशी मॉडेलचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळत नाहीत. किमतीतल्या फरकातून शुल्क आणि दुरुस्तीचा संभाव्य खर्च वजा केल्यावर जे उरते, तीच खरी बचत.