गाडी कर्मचाऱ्याची, जबाबदारी कंपनीची

औषध कंपनीचा प्रतिनिधी (एमआर), बँकेचा वसुली कर्मचारी, विम्याचा सर्वेक्षक, लिफ्ट दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जाणारा इंजिनिअर यांच्या कामाचा मोठा भाग रस्त्यावर जातो. वाहन बहुतेक वेळा त्यांचे स्वतःचे असते आणि कंपनी किलोमीटरमागे ठरलेला भत्ता देते. या व्यवस्थेत कंपनीचा गाड्या घेण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च वाचतो. त्यातूनच गाडीची कागदपत्रे, देखभाल आणि अपघात हे सारे कर्मचाऱ्याने पाहायचे, असा समज रूढ झाला आहे. तो अर्धवट आहे. प्रवास कंपनीच्या कामासाठी असेल, तर त्यातल्या धोक्याचा वाटा कंपनीकडेही येतो.

हा धोका लहान नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. फिरतीची नोकरी करणारे बहुसंख्य लोक दुचाकीच वापरतात.

कर्मचारी जखमी झाला तर

कामामुळे आणि काम चालू असताना झालेल्या अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याने घालून दिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ते कायम आहे. गाडी कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न या भरपाईत येत नाही. चूक कोणाची होती, हेही सिद्ध करावे लागत नाही. ठरलेल्या वेतनमर्यादेत येणारे आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नोंदलेले कर्मचारी असतील, तर त्यांना लाभ त्या योजनेतून मिळतात. बाकीच्यांची भरपाई मालकाला स्वतः किंवा त्यासाठी घेतलेल्या विम्यातून द्यावी लागते.

सुरक्षेचा स्पष्ट नियम कर्मचाऱ्याने जाणूनबुजून मोडला किंवा तो दारूच्या अमलाखाली होता, असे मालकाला काही प्रकरणांत म्हणता येते. मात्र अपघातात मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हा बचाव चालत नाही.

घर ते कामाची जागा हा प्रवास पूर्वी सहसा या संरक्षणाबाहेर समजला जाई. २०१० मध्ये कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन येण्याजाण्यातील अपघातही, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातला मानला जाऊ लागला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व १९२३ च्या कायद्यालाही लावले. ते प्रकरण महाराष्ट्रातील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याचे होते. एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघालेला हा माणूस कारखान्याच्या वाटेवर अपघातात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने नाकारलेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाला परत मिळवून दिली. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा त्याच्या नोकरीशी स्पष्ट संबंध होता, हे त्यामागचे तर्कशास्त्र. नव्या संहितेतही येण्याजाण्याच्या प्रवासाची तरतूद आहे.

दुसऱ्याला इजा झाली तर

कर्मचाऱ्याच्या गाडीने पादचाऱ्याला धडक दिली, तर मोटार वाहन कायद्याखालील दावा पहिल्यांदा चालक, गाडीचा नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी यांच्यावर येतो. तरीही नोकराने कामाच्या ओघात केलेल्या निष्काळजीपणाबद्दल मालक जबाबदार, हे जुने तत्त्व येथेही लागू होऊ शकते. १९६० मध्ये नागपूरहून पांढुर्ण्याला जाणारी एक कार झाडावर आदळली. ती एका जिनिंग कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता आणि सोबतचा प्रवासी त्यात मरण पावला. व्यवस्थापक कंपनीच्या कामावर होता, म्हणून कंपनी भरपाईस बांधील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरवले. ती कार कंपनीची होती. गाडी कर्मचाऱ्याची असेल, तर प्रवास कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणाच्या कामासाठी होता, याला अधिक महत्त्व येते. टूर प्रोग्रॅम, भेटींचा अहवाल आणि भत्त्याचे बिल ही कंपनीचीच कागदपत्रे त्याचा पुरावा ठरतात.

विम्यातील फटी

विमा आहे की नाही एवढेच तपासून भागत नाही. विमा कोणत्या प्रकारचा, हे पाहावे लागते. कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसासाठी असतो. गाडीचे नुकसान त्यातून भरून येत नाही. मागे बसलेल्या सहकाऱ्यालाही नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीचे संरक्षण मिळत नाही. दोघांना एकाच दुचाकीवरून कामाला धाडणाऱ्या कंपनीने हे विशेष लक्षात घ्यायला हवे.

खाजगी गाडीच्या सर्वसाधारण पॉलिसीत भाड्याने प्रवासी नेणे आणि मालवाहतूक वगळलेली असते. नमुने आणि वैयक्तिक सामान मात्र चालते. म्हणजे औषधांची सॅम्पल बॅग घेऊन डॉक्टरांकडे जाणारा एमआर पॉलिसीच्या चौकटीत राहतो. त्याच गाडीच्या डिकीतून स्टॉकिस्टला मालाचे खोके पोचवायला सांगितले, की दावा अडण्याची शक्यता निर्माण होते.

वाहनमालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा १५ लाख रुपयांचा असतो, पण तो गाडी ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे, त्यालाच मिळतो. भावाची किंवा वडिलांची गाडी घेऊन फिरणारा कर्मचारी त्याच्या बाहेर राहतो. म्हणून फिरतीवरील प्रत्येकासाठी कंपनीने वेगळा सामूहिक अपघात विमा घेणे हा सर्वांत साधा आणि उपयोगी उपाय ठरतो.

कंपनीने काय करावे

सुरुवात कागदपत्रांपासून होते. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती रुजू होताना घेतल्या जातात आणि फाइलमध्ये पडून राहतात. या प्रत्येकाला मुदत असते. विम्याचे नूतनीकरण सहसा वर्षाला, पीयूसीचे प्रमाणपत्रावरील मुदतीनुसार आणि लायसन्सचे वयानुसार ठरलेल्या काळाने करावे लागते. मुदत संपण्याच्या तारखा एका तक्त्यात ठेवून महिनाभर आधी आठवण देणे लहान कार्यालयालाही जमते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमधून कर्मचाऱ्याने मूळ नोंद दाखवली, तर खोट्या किंवा जुन्या प्रतीचा प्रश्न उरत नाही.

दुसरी बाब गाडीच्या स्थितीची. टायर, ब्रेक, दिवे आणि आरसे यांची तपासणी पावसाळ्याआधी तरी व्हावी. त्यासाठी भत्ता पुरेसा असावा लागतो. नुसत्या पेट्रोलचा हिशेब धरून दर ठरवला, तर सर्व्हिसिंग, टायर आणि विम्याचा खर्च पगारातून जातो आणि देखभाल लांबणीवर पडते. भत्त्याबरोबर लॉगबुकही हवे: तारीख, कुठून कुठे, काम कोणते, किलोमीटर किती. प्राप्तिकरात भत्ता करपात्र लाभ मानला जाऊ नये यासाठी ही नोंद उपयोगी पडते आणि अपघातानंतर प्रवास कामाचा होता हेही तिच्यावरून दाखवता येते.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे कामाची आखणी. एमआरच्या नोकरीत हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन आणि आउटस्टेशन असे दौऱ्याचे प्रकार असतात. एक्स-स्टेशनला गेलेला माणूस त्याच दिवशी परत येतो. सकाळी दवाखाने गाठायचे, दुपारी केमिस्ट, संध्याकाळी पुन्हा डॉक्टरांचे कॉल आणि मग अंधारात शंभर किलोमीटरची परतवाट, असा दिवस आखला असेल, तर हेल्मेटच्या सूचनेने फारसे साधत नाही. भेटींची संख्या अंतर पाहून ठरवणे, उशीर झाल्यास मुक्कामाचा खर्च बिनतक्रार देणे आणि मुसळधार पावसात किंवा घाटात प्रवास पुढे ढकलण्याची मुभा देणे हे निर्णय वरिष्ठांच्या हातात असतात. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हा नियमही वरिष्ठांनी त्या वेळी फोन न करण्यापासून सुरू होतो.

शेवटी, हे सारे लेखी धोरणात यावे: कोणती वाहने चालतील, कोणती कागदपत्रे लागतील, हेल्मेट आणि सीटबेल्टची सक्ती, रोजच्या प्रवासाची मर्यादा, अपघात झाल्यास कोणाला कळवायचे आणि रुग्णालयाचा तातडीचा खर्च कोण करणार. मोठ्या कंपनीला त्यासाठी स्वतंत्र विभाग ठेवता येतो. दहा माणसांच्या संस्थेत एका जबाबदार व्यक्तीकडे ते काम सोपवले तरी पुरते. कर्मचारी स्वतःची गाडी कंपनीच्या कामाला लावतो, तेव्हा त्याच्या सुरक्षिततेची काळजी भत्त्याच्या दराइतकीच ठरलेली आणि लिहिलेली असायला हवी.