फोटोत आज्जा कुठं हाय?

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी जोतिबाचा डोंगर पाहिलाय? कोल्हापूरपासून साधारण सतरा-अठरा किलोमीटरवर, पन्हाळा तालुक्यात वाडी रत्नागिरी नावाचं गाव आहे. तिथंच हा डोंगर आणि त्यावर काळ्या दगडाचं देऊळ. आज दिसतं ते मुख्य देऊळ राणोजी शिंदे यांनी १७३० साली बांधलं. चैत्र पौर्णिमेला इथं मोठी यात्रा भरते. गावोगावच्या उंचच उंच सासनकाठ्या येतात. काठीला दोर बांधलेले असतात. ते चहूबाजूंनी धरून, तोल सांभाळत माणसं काठी नाचवतात. वरून गुलाल उधळला जातो. माणसं गुलाबी, पायऱ्या गुलाबी, देवळाचा दगडसुद्धा गुलाबी! आणि सगळीकडे एकच गजर, ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं!’

२०२३ सालच्या यात्रेला मी भावाचा डीएसएलआर कॅमेरा गळ्यात अडकवून गेले होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोबा दरवर्षी गावच्या काठीला खांदा द्यायचे. त्या वर्षी ते मला म्हणाले, “बाई, औंदा फोटू काढाच. पुढच्या वर्षी गुडघं ऐकायचं न्हाईत.” मी मोठ्या उत्साहानं ‘हो’ म्हटलं आणि खटाखट दोनशे फोटो काढले.

यात्रेनंतर शाळा भरली. मधल्या सुट्टीत तो मुलगा धावत आला. मी त्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो दाखवले. एक पाहिला, दुसरा पाहिला, दहा पाहिले. मग हळूच म्हणाला, “बाई, ह्यात आज्जा कुठं हाय?”

आजोबा होते, पण धुक्यात हरवल्यासारखे. पुढं कुणीतरी गुलाल उधळायला हात वर केला होता. त्या हाताची नखंसुद्धा मोजता येत होती आणि मागं आजोबांचा चेहरा म्हणजे नुसता गुलाबी डाग. मला वाटलं, कॅमेराच बिघडलाय. तो घेऊन मी ओळखीच्या एका फोटोग्राफरकाकांकडे गेले. त्यांनी फोटो पाहिले आणि हसून म्हणाले, “कॅमेरा ठणठणीत आहे. त्याला तुम्ही सांगितलंच नाही, कुणाकडे बघायचं ते!”

मुलांनो, त्या दिवसापासून मी जे शिकले, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी एक प्रयोग

घरात किंवा शाळेच्या विज्ञानपेटीत भिंग असेल ना? दिवसा खोलीतला दिवा बंद करा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहा. भिंतीवर पांढरा कागद धरा आणि त्याच्यापुढं भिंग धरून हळूहळू मागं-पुढं करा. एका ठरावीक अंतरावर कागदावर खिडकीबाहेरचं झाड उमटेल. अगदी रंगीत आणि चक्क उलटं! भिंग बोटभर सरकवलं, की झाड विरघळलं. यालाच म्हणतात फोकस.

आता खिडकीऐवजी जवळच पेटवलेली विजेरी ठेवा. तिचं चित्र स्पष्ट व्हायला भिंग कागदापासून आणखी लांब न्यावं लागेल. म्हणजे जवळच्या वस्तूसाठी एक अंतर आणि लांबच्या वस्तूसाठी दुसरं. दोन्ही एकाच वेळी सारखी स्पष्ट दिसत नाहीत. (भिंग उन्हात कागदावर धरू नका हं, कागद पेटतो!)

कॅमेऱ्यात कागदाच्या जागी सेन्सर असतो आणि भिंगाच्या जागी अनेक काचांची लेन्स. फोकस करणं म्हणजे त्या काचा पुढं-मागं सरकवणं. माझ्या फोटोत काचा त्या हातासाठी सरकल्या होत्या, आजोबांसाठी नव्हत्या. इतकी साधी गोष्ट!

यंत्र आतून समजून घ्यायची आपल्या कोल्हापूरची जुनी सवय आहे, बरं का. सिनेमाचा कॅमेरा परदेशातून आणावा लागायचा, त्या काळात बाबुराव पेंटर यांनी १९१८ साली इथंच स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आणला. मग आपण निदान बटणं तरी समजून घेऊ या की!

अर्धं दाबा, थांबा, मग पूर्ण दाबा

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागं एक तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर पाठवतो, म्हणून खिडकीला डोळा लावला की लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. फोटोच्या क्षणी आरसा वर उचलला जातो आणि ‘खटॅक्’ आवाज येतो.

त्या खिडकीत तुम्हाला छोटे चौकोन किंवा ठिपके दिसतील. हे फोकसचे ठिपके. सगळे ठिपके चालू ठेवले, तर कोणता वापरायचा ते कॅमेराच ठरवतो आणि बऱ्याचदा सगळ्यांत जवळची वस्तू पकडतो. माझा घात इथंच झाला! म्हणून गर्दीत एकच ठिपका निवडावा. सुरुवातीला मधला बरा. तो आपल्या माणसाच्या डोळ्यावर ठेवायचा. बटण अर्धं दाबायचं. ‘पीप’ असा आवाज आला किंवा खिडकीत हिरवी खूण दिसली, की फोकस झाला. बटण अर्धं दाबलेलंच ठेवून चौकट हवी तशी जुळवायची आणि मग पूर्ण दाबायचं. मध्येच आपण पुढं-मागं मात्र सरकायचं नाही, नाहीतर अंतर बदललं!

हे स्थिर माणसासाठी झालं. नाचणाऱ्या सासनकाठीचं काय? त्यासाठी कॅमेऱ्यात ‘सतत फोकस’ अशी सोय असते. निकॉनमध्ये तिला एएफ-सी म्हणतात, कॅननमध्ये एआय सर्वो. बटण अर्धं दाबून ठेवलं, की माणूस पुढं येईल तसा कॅमेराही फोकस बदलत राहतो. ठिपका मात्र आपण माणसावर धरून ठेवायचा.

आता एक गंमत. कॅमेरा फोकस शोधतो तो उजेड-अंधाराच्या कडा पाहून. गुलालाच्या ढगात, पन्हाळ्याच्या धुक्यात किंवा कोऱ्या भिंतीवर त्याला कडाच सापडत नाहीत. मग लेन्स नुसती ‘घर्र-घर्र’ करत पुढं-मागं फिरते. अशा वेळी तेवढ्याच अंतरावरच्या एखाद्या पायरीच्या कडेवर फोकस करून घ्यावा, लेन्सवरची कळ एएफवरून एमएफवर न्यावी आणि माणूस त्या पायरीशी येईपर्यंत वाट पाहावी. एमएफ म्हणजे हातानं फोकस. आता कॅमेरा स्वतःहून काही बदलणार नाही.

कोणती लेन्स कशासाठी?

लेन्सवर मिलिमीटरचे आकडे असतात. आकडा लहान, तर दृश्य रुंद. आकडा मोठा, तर दृश्य अरुंद, पण लांबचं जवळ दिसतं.

कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८–५५ची लेन्स मिळते. १८वर देवळाचं सगळं आवार मावतं, ५५वर एखाद्याचा चेहरा छान येतो. चेहऱ्यासाठी १८वर ठेवून अगदी जवळ जाऊ नका, नाक भलतंच मोठं दिसतं! आणि फार जवळ गेलात, साधारण पाव मीटरच्या आत, तर ही लेन्स फोकसच करत नाही.

७०–३०० सारखी लेन्स काठीच्या टोकावरचा झेंडा टिपायला चांगली. पण लांबचं मोठं दिसतं, तसं हाताचं थरथरणंही मोठं होतं. म्हणून एक सोपा नियम लक्षात ठेवा. ३०० मि.मी.वर असाल, तर शटरचा वेग निदान १/३०० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून जलद हवा. नाचणाऱ्या माणसांसाठी १/५०० बरा. कोपर पोटाशी टेकवायचं, डावा हात लेन्सखाली धरायचा आणि श्वास सोडून बटण दाबायचं.

तिसरी म्हणजे ५० मि.मी. एफ/१.८, छोटीशी लेन्स. कमी उजेडात ही फार उपयोगी. पण हे ‘एफ’ काय आहे? चला, थोडं गणित करू! ५० भागिले १.८ म्हणजे सुमारे २८. लेन्सचं भोक २८ मि.मी. रुंद. आता ५० भागिले ८ करा. सुमारे ६ आले ना? म्हणजे एफचा आकडा वाढला, की भोक लहान झालं.

भोक मोठं असलं की उजेड भरपूर येतो, पण स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी चिंचोळा होतो. साध्या डीएसएलआरवर ही लेन्स लावली आणि माणूस दोन मीटरवर असला, तर एफ/१.८ला हा पट्टा जेमतेम अर्धी वीत भरतो. एफ/८ला तो हातभर होतो. अर्ध्या वितीत डोळा सापडला, तर कान निसटू शकतो! म्हणून एकट्या माणसासाठी एफचा लहान आकडा आणि वर्गाच्या फोटोसाठी मोठा. मागच्या रांगेतल्या मुलांनी काय घोडं मारलंय?

चूक कशी ओळखायची?

फोटो बिघडला तर पुसून टाकायची घाई करू नका. पडद्यावर तो मोठा करून नीट पाहा. भलतंच काही स्पष्ट आलंय आणि आपलं माणूस अस्पष्ट? फोकस चुकला. सगळंच एका दिशेला ओघळल्यासारखं दिसतंय? आपला हात हलला. देऊळ स्पष्ट आहे, पण नाचणाऱ्याचे हात फिसकटलेत? शटरचा वेग कमी पडला. गणिताच्या वहीत चूक सापडली की गणित येतं, तसंच हे आहे.

कुणाला चष्मा असेल, तर आणखी एक. डोळा लावायच्या खिडकीजवळ एक छोटं चाक असतं. खिडकीतले ठिपके आणि आकडे स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवा. त्यानं फोटो बदलत नाही, फक्त आपल्याला नीट दिसतं.

गुलाल आणि लेन्स

गुलालाचे कण फार बारीक असतात. म्हणून उधळण चालू असताना लेन्स बदलू नका, आत सेन्सरवर गुलाल जाईल. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि लेन्सच्या तोंडापुरतं भोक ठेवून रबर लावा. काचेवर गुलाल बसला, तर लगेच रुमालानं किंवा पदरानं पुसू नका, ओरखडे पडतील. आधी रबरी फुग्याच्या पंपानं हवा मारायची, मग मऊ ब्रश आणि शेवटी लेन्सचं कापड. तोंडानं फुंकर नको, थुंकीचे थेंब उडतात. आणि खिडकीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. लेन्स ऊन गोळा करते, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

पालकांसाठी दोन शब्द

मुलानं हट्ट धरला म्हणून महागडा कॅमेरा घ्यायची गरज नाही. आता बिनआरशाचे कॅमेरे आलेत, मोबाइल तर घरोघरी आहे. भिंगाचा नियम सगळीकडे सारखाच. मोबाइलमध्ये आपल्या माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं, की तिथं फोकस होतो. बऱ्याच मोबाइलमध्ये बोट थोडा वेळ दाबून धरलं, की तो तिथंच पक्का राहतो. मुलांना एवढं जरूर शिकवा, की देवळाच्या आत फोटोला परवानगी आहे का ते आधी विचारायचं आणि अनोळखी माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय काढायचा नाही.

आता शेवटचं. २०२४च्या यात्रेला मी पुन्हा डोंगरावर गेले. आजोबांचे गुडघे खरंच ऐकेनासे झाले होते. ते पायरीवर बसून होते आणि समोर त्यांच्या नातवानं पहिल्यांदाच काठीच्या दोराला हात लावला होता. मी एकच ठिपका निवडला, आजोबांच्या डोळ्यावर ठेवला, बटण अर्धं दाबलं, थांबले. ‘पीप’. मग पूर्ण दाबलं. त्या दिवशी मी जेमतेम बारा फोटो काढले.

शाळेत तो फोटो मुलाला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “बाई, आज्जा माझ्याकडंच बघतोय न्हवं?”

“हो रे, तुझ्याकडेच!” मी म्हटलं.

आजोबांच्या खांद्यावर काठी असलेला स्पष्ट फोटो मात्र आमच्याकडं नाही. तो क्षण २०२३ सालीच निघून गेला. म्हणून सांगते मुलांनो, शिकायचं ते यात्रेच्या आधी शिका. आजच घरातला मोबाइल मागून घ्या, आजी-आजोबांना दारात बसवा, पुढं तुळशीची फांदी धरा आणि दोन फोटो काढा, एकदा पानावर फोकस करून आणि एकदा आजीच्या डोळ्यावर. दोन्ही शेजारी ठेवून पाहा आणि फरक वहीत लिहा. लिहाल ना?