कॉकटेलची रात्र आणि सकाळची पाळी

वाकड, बालेवाडी, बाणेर या पट्ट्यात अलीकडे जे नवे बार उभे राहिले आहेत, त्यांचे आमच्या तरुणपणीच्या परमिट रूमशी काडीचेही साम्य नाही. तिथे अंधूक दिवे, मसाला पापड आणि घरी परतताना तोंडात बडीशेप असे. इथे सोनेरी प्रकाश असतो, संगीत असते, सगळी ऑफिसची मंडळी मुलामुलींसह एकत्र आलेली असतात आणि कुणी काही लपवीत नाही. लपवाछपवी गेली हे एका अर्थी बरेच झाले, असे माझे मत आहे.

एका स्नेह्याच्या मुलाला बढती मिळाली, त्या निमित्ताने मीही अशा एका ठिकाणी जाऊन आलो. मेनू वाचताना गंमत वाटली. कोकम कुठले, कैरी कशी भाजली, ग्लासच्या कडेला लावलेल्या मिठात कोणते तिखट मिसळले, हे सारे त्यात लिहिले होते. ग्लासात मद्य किती मिली, एवढेच तेवढे नव्हते. वैद्यकीय दृष्टीने माझी तक्रार नेमकी याच जागी आहे.

घरी किंवा परमिट रूममध्ये पिणारा माणूस पेग मोजतो. ४२.८ टक्के मद्यार्काच्या ३० मिलीच्या लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, आणि यकृताला हिशेब ठाऊक असतो तो या ग्रॅमचा. कॉकटेलमध्ये मोजण्याचे एककच हरवते. प्रचलित आंतरराष्ट्रीय कृतीप्रमाणे मोहितोमध्ये ४५ मिली रम, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास मद्यार्क असतो. निग्रोनीचा ग्लास चिमुकला दिसतो, पण त्यात जवळपास १९ ग्रॅम असतात. ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ या नावात चहा असला तरी ग्लासात चहाचा थेंबही नसतो. पाच प्रकारची मद्ये प्रत्येकी १५ मिली आणि वरून कोला. ते झाले सुमारे २४ ग्रॅम. बारमधील हात सैल असेल तर याहून अधिक. साखर आणि लिंबू जिभेला फसवतात. मद्याचा जो कडवटपणा आपल्याला थांबवतो, तोच या पेयात झाकलेला असतो. सोबत बुडबुड्यांचे पेय आणि रिकामे पोट असेल तर मद्य रक्तात अधिक वेगाने उतरते. स्त्रीच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तोच ग्लास तिला अधिक चढतो. त्यात मनाच्या कणखरपणाचा काही संबंध नाही.

आता आपल्या भागातील प्रश्नाकडे येतो. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. त्यानंतर, माझ्या पाहण्यात तरी, पुष्कळ घरांतून एक शहाणा नियम झाला : रात्री पिऊन गाडी चालवायची नाही, टॅक्सीने यायचे. नियम उत्तम आहे. पण भोसरी-चाकणचे निम्मे आयुष्य पाळ्यांवर चालते, आणि सकाळच्या पाळीचा विचार या नियमात नाही.

चाकणच्या एका कारखान्यातील सत्तावीस वर्षांचा तरुण मागच्या पावसाळ्यात सकाळीच माझ्याकडे आला. कोपर सोललेले, हनुवटी फाटलेली. कंपनीची बस चुकली म्हणून दुचाकीवर निघाला आणि नाशिक फाट्याच्या पुढे सरळ रस्त्यावर घसरला. टाके घालताना वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते, “डॉक्टर, रात्री तर तो टॅक्सीनेच आला होता हो.” ते खरेच होते.

त्याने सांगितलेला हिशेब मी कागदावर मांडला. नऊ ते साडेबारा या वेळात दोन लाँग आयलंड, दोन निग्रोनी आणि निरोपाचा एक शॉट; सुमारे ९५ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकालात काढते. आठ धरले तर सकाळी सहापर्यंत ७२ ग्रॅम संपतात आणि वीसहून अधिक ग्रॅम अंगात उरतात. सत्तर किलोच्या पुरुषाच्या १०० मिली रक्तात ते ४५ ते ५० मिलिग्रॅम भरतात. हिशेब ढोबळ आहे, माणसागणिक फरक पडतो. तरीही मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे झोपून उठलेला, आंघोळ करून देवाला नमस्कार केलेला हा मुलगा कायद्याच्या भाषेत अजून प्यालेलाच होता. त्याला पकडले असते तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकले असते. तो प्रेस मशिनवर पोहोचला असता तर काय झाले असते, ते वडिलांच्या ध्यानात माझ्याआधी आले.

कडक कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांनी यकृताचा वेग वाढत नाही. तरतरी येते, आणि ती अधिक घातक, कारण माणसाला आपण सावरलो असे वाटू लागते. मद्याने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्री ती मोडते. त्यामुळे मद्य उतरल्यावरही हात आणि नजर मंदच राहतात.

म्हणून माझा आग्रह असा की दुसऱ्या दिवशी पहिली पाळी असेल तर अशी पार्टी पुढे ढकलावी. निदान सुरुवातीला पोटभर जेवावे आणि ग्लासात मद्य किती मिली आहे हे वेटरला विचारावे. विचारण्यात संकोच कसला? पेट्रोल भरताना आपण मीटर पाहतोच. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याची साखर मद्याने धोकादायक उतरू शकते आणि भोवतालचे लोक ‘चढली’ म्हणून हसत बसतात. झोपेच्या गोळ्या आणि मद्य ही जोडी तर श्वासावरच येते. आणखी एक : महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे. कॅम्पसमधून थेट नोकरीला लागलेली बावीस-तेवीस वर्षांची मुले त्यात बसत नाहीत, हे बहुतेक पालकांना ठाऊकच नसते.

थोडे प्यालेले चालते का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असे स्पष्ट केले आहे. मी त्यात सूट देऊ शकत नाही.

आणि मुलगा किंवा मुलगी रात्री त्या अवस्थेत घरी आली, तर दारात जाब विचारू नका. बोलणे दुसऱ्या दिवशी दुपारी करा. त्या क्षणी त्यांना कुशीवर झोपवा, पाठीवर नको, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. जवळ कुणीतरी जागे राहा. हाक मारून, चिमटा काढूनही जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी किंवा अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर उतरायची वाट न पाहता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.