जुन्या द्राक्षबागेची जमीन : साठलेले तांबे कसे ओळखावे, कसे आवरावे

जुन्नर तालुक्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे तसा पाऊस कमी होत जातो. आळेफाट्यावरून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील राजुरी, बेल्हे हा भाग तर अवर्षणाच्या छायेतच येतो. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे ही धरणे झाली, विहिरींना पाझर मिळाला, पुढे ठिबक आले आणि नारायणगाव-जुन्नर परिसराबरोबर या भागातही द्राक्षाची वेल मांडवावर चढली. आज यातील कित्येक बागा जुन्या झाल्या आहेत. काही काढून तेथे टोमॅटो, कांदा किंवा भाजीपाला घेतला जातो, तर काही ठिकाणी त्याच बोदावर नवी लागवड होते.

बाग काढल्यानंतर पहिल्या दोन-तीन हंगामांत पीक मनासारखे येत नाही, हा अनुभव अनेक शेतकरी बंधूंना येतो. पाने पिवळी पडतात, फेरस सल्फेट देऊनही हिरवी होत नाहीत, मुळ्या आखूड राहतात. सूत्रकृमी, क्षार, चुनखडी ही कारणे आपण लगेच तपासतो आणि ती तपासलीच पाहिजेत. परंतु आणखी एक कारण आहे, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे वर्षानुवर्षे फवारलेल्या मोरचुदातील तांबे.

तांबे जमिनीत राहते कसे ?

फ्रान्समधील बोर्डो भागात चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्या वेलींवर केवडा कमी दिसतो हे मिलार्डे या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि १८८५ मध्ये त्यांनी हे मिश्रण जगापुढे ठेवले. तेच आपले बोर्डो मिश्रण. केवडा आणि करपा या रोगांवर ते आजही उपयोगी आहे, त्यामुळे ते वापरू नका असे येथे सांगावयाचे नाही.

अडचण एवढीच की इतर बहुतेक औषधे ऊन, पाणी आणि जिवाणू यांच्यामुळे काही दिवसांत किंवा महिन्यांत विघटित होतात, तांब्याचे तसे होत नाही. तो धातू आहे. पानावरून ओघळला, गळलेल्या पानांबरोबर पडला, की मातीतील चिकणकण आणि सेंद्रिय पदार्थ त्याला धरून ठेवतात. निचऱ्याच्या पाण्याबरोबर तो फारसा खाली जात नाही. वरच्या वीतभर थरात बसून राहतो.

याचा हिशेब आपण घरी करू शकता. एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद असते आणि मोरचुदात साधारण चौथा हिस्सा तांबे असते. एकरी ३०० लिटर फवारल्यास ३ किलो मोरचूद, म्हणजे पाऊण किलो तांबे गेले. ५० टक्के कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २.५ ग्रॅम घेतल्यास तेवढ्याच पाण्यातून सुमारे ३७५ ग्रॅम तांबे जाते. एखाद्याने वर्षात बोर्डोच्या तीन आणि कॉपर ऑक्सिक्लोराईडच्या चार फवारण्या केल्या, तर वर्षाला पावणेचार किलो आणि १५ वर्षांत एकरी ५६ किलो तांबे झाले. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सें.मी. थरातील मातीचे वजन सुमारे ९ लाख किलो धरतात. म्हणजे दर किलो मातीत जवळजवळ ६२ मिलिग्रॅम (पीपीएम) तांब्याची भर पडली. हे सर्वत्र सारखे पसरले असे धरून. प्रत्यक्षात ओघळ आणि पाला बोदावर अधिक पडतो, त्यामुळे बोदाच्या मातीत हा आकडा याहून बराच मोठा असू शकतो.

तुलनेसाठी सांगावयाचे तर युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला हेक्टरी ४ किलो तांबे, अशी मर्यादा घातली आहे. एकरी ती सुमारे १.६ किलो होते. वरच्या उदाहरणातील बाग दर वर्षी तिच्या दुपटीहून पुढे आहे. आपल्या फवारणीच्या वहीवरून स्वतःचा आकडा काढून पाहावा. वही नसेल तर दुकानाच्या जुन्या पावत्या पाहाव्यात, त्याही खरे बोलतात.

अहवालातील 'पुरेसे' या शब्दाने फसू नये

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत ज्या १२ बाबी असतात, त्यांत तांबेही आहे. मात्र ही तपासणी मुळात कमतरता शोधण्यासाठी बसवलेली आहे. उपलब्ध तांबे ठरावीक किमान पातळीच्या वर आले की पुढे 'पुरेसे' असा शेरा पडतो. आकडा १ असो की ४०, शेरा तोच. म्हणून शेरा न वाचता आकडा वाचावा आणि तो कशाशी तरी ताडून पाहावा.

कशाशी ? परदेशी पुस्तकातील मर्यादेशी नव्हे. युरोपात शहरी मैलागाळ ज्या शेतात टाकावयाचा, तेथील मातीत एकूण तांबे ५० ते १४० पीपीएमच्या वर नसावे असा दंडक १९८६ चा आहे. आपली जमीन काळ्या कातळापासून झालेली. या कातळातच तांबे १०० पीपीएमहून अधिक असणे नवलाचे नाही. म्हणजे कधीही फवारा न पडलेली आपली माती तेथील दंडकाने दूषित ठरेल ! खरी तुलना आपल्याच शिवारात होते. ज्यावर द्राक्षाचा फवारा कधी गेला नाही असा त्याच प्रतीच्या जमिनीचा बांध किंवा पडीक तुकडा निवडावा आणि तेथील मातीचा नमुना बागेच्या नमुन्याबरोबरच पाठवावा. हा एक नमुना वाचवण्यासाठी काटकसर करू नये, कारण त्याच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

बागेतील नमुने बाग काढण्यापूर्वी घ्यावेत. एकदा नांगर फिरला की बोद कोठे होता आणि सरी कोठे होती हे कळत नाही. बोदावरील माती ० ते १५ आणि १५ ते ३० सें.मी. अशी वेगवेगळी घ्यावी, दोन ओळींमधील माती तिसरी आणि बांधाची चौथी. प्रत्येकासाठी आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो ठेवावी. सूक्ष्मद्रव्यांची तपासणी असल्याने गंजलेले फावडे, तांब्या-पितळेचे घमेले किंवा खताची रिकामी गोणी वापरू नये. लाकडी खुंटी आणि प्लॅस्टिकची स्वच्छ बादली उत्तम. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि चुनखडी यांचीही तपासणी मागावी. त्याशिवाय तांब्याचा आकडा वाचता येत नाही.

कुंडीतील चाचणी

प्रयोगशाळा मातीत किती तांबे आहे ते सांगते. पिकाला ते बाधते की नाही, हे पीकच सांगू शकते. यासाठी खर्च नाही. एकाच आकाराच्या बारा कुंड्या किंवा तळाला भोके पाडलेले डबे घ्यावेत. तीन कुंड्यांत बोदाची माती, तीनमध्ये ओळींमधील, तीनमध्ये बांधाची आणि उरलेल्या तीनमध्ये बोदाच्या तीन भाग मातीत एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. प्रत्येकीत घेवड्याचे आणि मेथीचे मोजून बी टाकावे, पाणी सर्वांना सारखे द्यावे. तीन आठवड्यांनी रोपे मातीसह काढून हळुवार धुवावीत आणि मुळ्या शेजारी शेजारी मांडाव्यात.

तांब्याचा पहिला मार मुळीवर बसतो. मुळ्या आखूड, जाड, तपकिरी होतात, त्यांना बारीक तंतुमुळे फुटत नाहीत. शेंड्याकडील नवी पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात, कारण मुळीला लोह घेता येत नाही. बोदाच्या कुंडीत असे दिसले आणि शेणखताच्या कुंडीत ते बरेच कमी झाले, तर रोगही कळला आणि औषधही कळले. चारही कुंड्यांत पीक सारखेच असेल तर तांब्याची चिंता सोडून अन्य कारण शोधावे. मुळ्यांवर गाठी दिसल्यास मात्र सूत्रकृमींची तपासणी करावी (घेवड्याच्या मुळीवरील जिवाणूंच्या गाठी नखाने सहज सुटतात, सूत्रकृमीची गाठ मुळीतच फुगलेली असते). बोदाच्या मातीची क्षारता जास्त आल्यास आधी गोड पाण्याने क्षार धुवून मग चाचणी करावी, अन्यथा क्षाराचा दोष तांब्याच्या माथी बसतो.

जमीन सुधारण्याचे उपाय

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे. मातीत गेलेले तांबे बाहेर काढणारे कोणतेही द्रावण किंवा जिवाणूंची बाटली नाही. जिवाणू सेंद्रिय औषध खाऊन संपवतील, धातू कसा संपवतील ? पिके लावून तो उपसावा म्हटले, तर पीक एका हंगामात एकरी जेमतेम काही ग्रॅम तांबे उचलते आणि साठा आहे किलोंचा. तेव्हा उपाय तीनच : भर थांबवणे, आहे ते बांधून ठेवणे आणि दाट साठा पातळ करणे.

बांधून ठेवण्याचे काम कुजलेला सेंद्रिय पदार्थ सर्वांत चांगले करतो. एकरी दहा-बारा गाड्या उत्तम कुजलेले शेणखत बोदाच्या पट्ट्यात द्यावे, ताग किंवा धैंचा फुलोऱ्यापूर्वी गाडावा आणि हे एक वर्ष करून थांबू नये, कारण सेंद्रिय पदार्थ कुजून संपला की धरलेले तांबे पुन्हा मोकळे होऊ लागते. राजुरी परिसरात दुभती जनावरे भरपूर आहेत, त्यामुळे शेणखत विकत आणण्याची गरज अनेकांना पडणार नाही.

आपल्या जमिनींचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो, चुनखडीही असते. द्राक्ष बागायतदार याबद्दल नेहमी तक्रार करतात, परंतु या बाबतीत तोच आपला रक्षक आहे. विम्ल जमिनीत तांबे जखडलेले राहते. म्हणून तांबे साठलेल्या जमिनीत सामू उतरवण्यासाठी ठिबकमधून आम्ल सोडणे किंवा गंधकाचा भरपूर वापर करणे फार जपून करावे. लोहाची कमतरता दूर करण्यासाठी सोडलेले आम्ल जखडलेले तांबे मोकळे करून तीच कमतरता वाढवू शकते. अशा ठिकाणी लोह चिलेट स्वरूपात पानांवर द्यावे.

पातळ करण्यासाठी बोद मोडून माती पूर्ण शेतात सारखी पसरावी आणि जमीन खोल असल्यास एकदा खोल नांगरट करावी. खाली मुरूम असेल तर हा उपाय करू नये. तलावाचा गाळ मिळत असल्यास तो फार उपयोगी आहे. २०१७ पासून शासनाची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आहे. मात्र गाळाचाही सामू आणि क्षारता आधी तपासून घ्यावी. खारट गाळ टाकून एका दुखण्याऐवजी दुसरे ओढवून घेतलेले शेत पूर्ववत करण्यास फार वर्षे लागतात.

पहिली दोन वर्षे घेवडा, मेथी, पालक यांसारखी नाजूक पिके टाळून ज्वारी, मका घ्यावा. पुन्हा द्राक्षच लावावयाचे असल्यास नवी ओळ जुन्या बोदावर न घेता दोन जुन्या ओळींच्या मध्ये घ्यावी. नव्या बागेत बोर्डोचा वापर खरोखर जोखमीच्या दिवसांपुरता ठेवावा. पोंग्यावर पाऊस आणि ढग असताना तो द्यावा लागेल. परंतु मांडव स्वच्छ व हवेशीर ठेवला तर आकाश निरभ्र असताना केवळ सवयीने फवारण्याची गरज राहत नाही.

मेंढ्यांबाबत दक्षता

रिकाम्या शेतात मेंढ्या बसवण्याची आपल्याकडे चाल आहे आणि खत म्हणून ती उत्तम आहे. परंतु सर्व पाळीव जनावरांत मेंढीला तांबे सर्वांत लवकर बाधते. ते काळजात साठत जाते आणि एक दिवस जनावर अचानक कावीळ होऊन, लाल लघवी करीत मरते. गाय, म्हैस किंवा शेळी त्याच गवतावर तगलेली असते म्हणून संशय येत नाही. ताज्या फवारणीच्या बागेतील गवत मेंढ्यांना कधीही चारू नये. मेंढपाळाने विचारले नाही तरी बागायतदाराने आपण होऊन सांगावे, त्याचे सारे भांडवल त्या कळपात असते.

औषध कालवण्याची जागा

संपूर्ण शेत चांगले असूनही एक कोपरा बिघडलेला असतो. तो म्हणजे विहिरीजवळची औषध कालवण्याची आणि पंप धुण्याची जागा. तेथे माती निळसर दिसते, गवत उगवत नाही. एकरभर पसरलेल्या औषधापेक्षा येथे सांडलेले मूठभर औषध विहिरीला अधिक धोक्याचे. ही जागा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूस हलवावी. निळी झालेली माती खरडून ओढ्यात टाकू नये. तिच्यात चुना आणि शेणखत मिसळून विहिरीपासून लांब, पाणी न साचणाऱ्या उंच जागी बांध घालून ठेवावी आणि तेथे खाण्याचे काही लावू नये.

स्वीडनमध्ये १९९३ पासून पंप धुण्यासाठी एक साधा खड्डा वापरतात, तो आपल्याकडेही करता येईल. दोन फूट खोल खड्ड्यात दोन भाग बारीक केलेले गव्हाचे काड, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग माती कालवून भरतात, वर गवत लावतात. काडावर वाढणारी बुरशी कीटकनाशकांचे अंश मोडून टाकते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून वर पत्रा हवा. बोर्डोच्या पंपाचे धुवण मात्र येथे न ओतता अधिक पाणी घालून बागेवरच फवारून संपवावे.

जुन्या घराच्या पडवीत किंवा गोठ्यात कधीकाळी १० टक्के बीएचसी पावडरीच्या गोण्या ठेवत असल्यास त्या जागेचीही घरातील वडीलधाऱ्यांकडे चौकशी करावी. डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ मध्ये आणि बीएचसी १९९७ मध्ये बंद झाले, तरी गोणी फुटलेल्या जागी ते अनेक वर्षे टिकते. भोपळा, दोडका, काकडी या वेलवर्गीय भाज्या असे अंश मुळांवाटे इतरांपेक्षा अधिक शोषतात आणि परसातील अशा जागी नेमका भोपळ्याचाच वेल चढवलेला असतो. तो तेथून काढून त्या जागी झेंडू किंवा शेवंती लावावी.

तपासणीच्या पिशवीवर गट क्रमांक, बोद की सरी, खोली आणि बागेचे वय लिहावे. तेच चार नमुने तीन वर्षांनी त्याच जागांवरून पुन्हा घ्यावेत आणि उपलब्ध तांब्याचा आकडा उतरला की नाही ते जुन्या अहवालाशेजारी ठेवून पाहावे.