जुने यंत्र घरी आणताना

"अहो, हे यंत्र आणलंय की रणगाडा?" मावशीने दारातूनच विचारले.

बाहेर टेम्पोत एक बारा इंची रंधायंत्र दोरखंडांनी बांधलेले उभे होते. काका कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "अगं, आधी चहा टाक. पाच माणसं आहेत बरोबर."

जयपूरला मावशीकडे गेले असताना हा प्रसंग मी स्वतः पाहिला. नोकरीतून निवृत्त झाल्यावर काकांनी सुतारकामाची जुनी हौस पुरी करायचे ठरवले. नवी यंत्रे खिशाला परवडेनात, म्हणून ते जुन्या यंत्रांकडे वळले. पण हे त्यांचे दुसरे यंत्र होते. पहिले चार महिन्यांतच भंगारात गेले आणि त्याबरोबर निवृत्तीच्या पुंजीतले वीस हजार रुपयेही. मावशीच्या प्रश्नातली धार त्यामुळेच होती.

अनेक घरांत निवृत्तीनंतर किंवा जोडधंदा म्हणून असा विचार होतो. जुने यंत्र घेणे मुळीच वाईट नाही. नीट पारखून घेतले तर ते पुढची वीस-पंचवीस वर्षेही साथ देते. मात्र पारख हवी.

चकाकत्या रंगाला भुलू नका

काकांचे पहिले यंत्र अगदी नव्यासारखे दिसत होते. ताज्या हिरव्या रंगाखाली बिडाच्या बैठकीला गेलेला तडा मात्र त्यांना दिसला नाही. बीड ठिसूळ असते. त्याला केलेले साधे वेल्डिंग हादऱ्यांपुढे फार काळ टिकत नाही.

म्हणून यंत्र बघायला जाताना एखादा अनुभवी मिस्त्री सोबत न्या. त्याची दिवसाची मजुरी वाया जात नाही. बरोबर सरळ पोलादी पट्टी आणि टॉर्च ठेवा. यंत्राच्या टेबलावर पट्टी उभी धरा आणि मागून उजेड टाका. पट्टीखालून ठिकठिकाणी प्रकाश दिसला, तर टेबल वाकलेले किंवा झिजलेले आहे. वरवरचा गंज घासून निघतो, खोल खड्डे निघत नाहीत.

यंत्र बंद असताना, वीज तोडून, पाती बसवलेला दंड हाताने हळूच हलवून बघा. तो खडखडत असेल तर बेअरिंग गेले आहे. बेअरिंग बदलता येते, पण तेवढी किंमत कमी करून मागा. त्यानंतर यंत्र चालू करायला लावा आणि दहा मिनिटे कान देऊन ऐका. "इथं वीज नाही, पण मशीन उत्तम चालतं," असे विक्रेता म्हणाला, तर सरळ दुसऱ्या दिवशी येतो म्हणून सांगा. व्यवहाराची पावतीही जरूर घ्या.

वीज आणि परवाना

कारखान्यातली बहुतेक यंत्रे थ्री फेज विजेवर चालतात. घरी मात्र बहुधा 230 व्होल्टची सिंगल फेज वीज असते. तेव्हा एकतर मोटर बदलावी लागते किंवा थ्री फेज जोडणी घ्यावी लागते. हा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा. थ्री फेजच्या तीनपैकी दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते. म्हणून जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्या आणि पट्टा चढवण्यापूर्वी मोटर कोणत्या दिशेने फिरते ते पाहा.

ओंडके चिरण्याच्या आरायंत्राची गोष्ट वेगळी. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीबाबत दिलेल्या आदेशानंतर अशा यंत्रांवर कडक नियंत्रण आले. मोठी करवत घेण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे.

जागेचाही विचार हवा. राहत्या घराचा वरचा मजला साधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो भार धरून बांधतात. तीनचारशे किलोचे, सतत थरथरणारे यंत्र तिथे नको. त्याची जागा तळमजल्यावर, पक्क्या फरशीवर.

हत्तीचे काम पहारीने

जयपूरला अवजड वस्तूंचे नवल नाही. जयगड किल्ल्यावर 1720 मध्ये ओतलेली जयवाण तोफ सुमारे 50 टनांची आहे. तिथल्या तोफखान्यात तोफेला भोक पाडण्याचे यंत्र बैलांच्या चार जोड्या फिरवत असत. आपल्या हाताशी बैल नाहीत, पण युक्ती तीच: जोर कमी, तरफ आणि चाके जास्त.

काकांनी दुसऱ्या वेळी यंत्राची आधी छायाचित्रे काढली. मग मोटर, टेबल आणि सुटणारे भाग वेगळे केले. नटबोल्ट चिठ्ठी लावून डब्यांत भरले. उरलेला सांगाडा पहारीने जरासा उचलायचा, लगेच खाली लाकडी ठोकळा सरकवायचा, पुन्हा उचलायचे, असे करत त्याखाली लोखंडी पाइप घातले आणि सांगाडा त्यांवरून ढकलत नेला. टेम्पोत चढवायला चेन कुप्पी भाड्याने आणली. 'छोटा हत्ती' म्हणून ओळखला जाणारा टेम्पो साधारण पाऊण टन माल नेतो, म्हणून वजन आधी विचारून घ्या. गल्ली अरुंद असेल तर रस्ताही आदल्या दिवशी पायी बघून या.

पहिल्या वेळी याच कामात गडबड झाली होती. ठोकळा न ठेवताच एका मजुराने पाइप सरळ करायला खाली हात घातला आणि पहार निसटली. त्याची दोन बोटे केवळ नशिबाने वाचली. उचललेल्या वजनाखाली हात घालायचा नाही, हा नियम तेव्हापासून काका सगळ्यांकडून आधी वदवून घेतात. आणि वजन कलू लागले तर ते सावरायला धावू नका, बाजूला व्हा. यंत्र दुरुस्त होते.

घरातल्यांची काळजी

जुन्या यंत्रांची संरक्षक झाकणे बहुधा हरवलेली असतात. ती बसवल्याशिवाय यंत्र चालू करू नका. हातमोजे, सैल बाह्या, ओढणी, बांगड्या फिरत्या पात्यापासून दूर. मुलांना बटणापर्यंत पोहोचता येऊ नये म्हणून कुलपाचा मेन स्विच लावा. लाकडाचा भुसा साधा समजू नका. लाकडाच्या धुळीने कर्करोग होऊ शकतो, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच जाहीर केले आहे. मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा.

दुर्दैवाने बोट तुटलेच, तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. ती पिशवी बर्फावर ठेवा, बोट थेट बर्फात ठेवू नका. जखम स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जा.

मावशीने काकांना एक अट घातली आहे: घरात दुसरे कोणी नसताना यंत्र चालवायचे नाही. मेन स्विचची किल्ली तिच्याच कमरेला असते. काका कुरकुरतात, पण ऐकतात.

त्या वर्षी खंडेनवमीला मावशीने स्वतः यंत्राला झेंडूची माळ घातली. समोर काकांनी बनवलेला शिसवी चौरंग होता. एक पाय किंचित आखूड होता, म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती. मावशी म्हणाली, "वीस हजार गेले ते गेले. माणसं धडधाकट घरी आली, हेच खूप झालं."